बायकांच्या नसा कमजोर नसतात, आणि चाळिशी हा आजार नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: बायकांच्या नसा मुळातच कमजोर, चाळिशीनंतर तर सगळ्यांच्याच सुकतात, त्यामुळे हातापायांना मुंग्या येणारच, बी-१२च्या गोळ्या सुरू करा. हा मेसेज वाचून लोक दुखणं अंगावर काढतात, म्हणून त्याचा राग येतो.

आधी ‘कमजोर’चं बघू. मनगटाशी विजेचा हलका झटका देऊन अंगठ्याचा स्नायू हलवायला किती करंट लागतो, हे मोजता येतं. बायकांना तो सरासरीने कमीच लागतो. थोडक्या करंटने जागी होणारी नस कमजोर कशी? तिला जास्त तल्लखही म्हणू नये, कारण त्वचेपासून नस किती खोल आहे यावर हा आकडा बराच अवलंबून असतो. बोटांतल्या संवेदनांचे सिग्नल तर बायकांमध्ये मोठे मिळतात. बोल्टन आणि कार्टर या संशोधकांनी १९८० साली त्याची सांगड बोटाच्या घेराशी घातली. बोट बारीक असलं की नस इलेक्ट्रोडच्या (सिग्नल टिपणाऱ्या पट्टीच्या) जवळ येते आणि सिग्नल मोठा दिसतो. उंच माणसांच्या पायांत नसेतून संदेश धावण्याचा वेग थोडा कमी भरतो, मग तो पुरुष असो वा बाई. हात गार असेल तर दर अंशाला सेकंदामागे साधारण दोन मीटर वेग घटतो; म्हणूनच नसांच्या चाचणीआधी हात ऊबदार करून घेतात.

वयाचा परिणाम मात्र खरा आहे. हाताच्या नसेत संदेश सेकंदाला ५० ते ६० मीटर वेगाने धावतो आणि वाढत्या वयात दर दशकाला एक-दोन मीटरने मंदावतो. सत्तरीपुढे पायांतले सिग्नल बरेच लहान होतात. पण हा उतार संथ आहे, चाळिशीला कुठलाही कडा नाही.

मुंग्यांचा दोष वयावर ढकलणं सगळ्यात घातक. त्यामागे मधुमेह असू शकतो, थायरॉइड असू शकतो. रात्री हात बधिर होऊन जाग येणाऱ्या बाईच्या मनगटात बहुधा नस दबलेली असते. हा कार्पल टनेल बायकांत जास्त आढळतो, गरोदरपणातही होतो. ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून तिला गप्प बसवलं, तर पुढे अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजू लागतो.

बी-१२ची कमतरता खरी असते, विशेषतः शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत. रक्त तपासा, कमी असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. मनगटात दबलेली नस त्या गोळीने मोकळी होत नाही, वाढलेली साखरही उतरत नाही.