नाथसागर, बालाघाट आणि ऊस : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मराठवाड्याच्या पाणीटंचाईवरील लेखात उसावर टीका करून मी शेतकऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, नाशिक-नगरच्या धरणांत अडलेले हक्काचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणात, म्हणजे नाथसागरात, आले तर मराठवाड्यात टंचाई उरणार नाही, आणि याहून कमी पावसात इस्राएल शेती पिकवतो, असे आपले तीन आक्षेप आहेत.

हक्काच्या मुद्द्यावर आपल्यात मतभेद नाही. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र 2014 च्या आदेशाने ठरले आहे. त्यासाठी पुन्हा पुन्हा आंदोलन करावे लागणे आणि कोर्टाची पायरी चढावी लागणे हा अन्याय आहे. हा हक्क सोडून द्या, असे मी कुठेही म्हटलेले नाही.

मात्र हे पाणी पोहोचते कुठे, हे नकाशावर पाहिले पाहिजे. जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा संभाजीनगर, जालना आणि परभणीकडे जातो. 132 किलोमीटरचा उजवा कालवा गेवराईच्या बाजूने माजलगाव धरणाकडे जातो. दक्षिणेला बालाघाटची डोंगररांग आडवी आहे. पाटोदा, केज, अंबाजोगाई, संपूर्ण लातूर आणि बहुतेक धाराशिव यांचा संसार मांजरा, तेरणा आणि सीना यांच्या खोऱ्यांवर चालतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे. त्या वर्षी नाथसागर काठोकाठ भरलेला असता, तरी लातूरच्या नळाला त्याचा थेंब मिळाला नसता. शिवाय नाथसागराच्या 102 टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेपैकी सुमारे 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यांतून न निघणारे तळाचे पाणी, आहे, आणि जलाशय उथळ व पसरट असल्याने उन्हाळ्यातील बाष्पीभवन मोठे असते. पाऊसही सर्वत्र सारखा नाही. कोरड्या आष्टीचे आकाश आणि पावसाळी किनवटचे आकाश एका विभागात मोजणे हा सरकारी सोयीचा भाग झाला.

खरी मेख जमिनीखाली आहे. बालाघाटावरची एखादी विहीर खोदताना पाहिली असेल, तर वर काळी माती, मग मुरूम, मग थोडा पाझरणारा मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण, हा क्रम आपल्याही परिचयाचा असेल. पाणी साठते ते मुख्यतः मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण इतकी लहान असते की एका पावसाळ्यात भरते आणि उपसा जोरात असेल तर पुढचा पाडवा येईपर्यंत संपते. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवावी, मशीनवाल्याने सहाशे फूट खाली जावे आणि वर नुसता फुफाटा उडावा, हे त्या पट्ट्यात नवीन नाही. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींवर कायद्याने बंदी आहे. ती कागदावर राहिली, कारण शेजाऱ्याने खोल नेले की आपली आटते, ही भीती कायद्यापेक्षा मोठी ठरते.

आता उसाकडे येतो. या पिकाला वर्षभरात सुमारे 2000 मिलिमीटर पाणी लागते असे धरले आणि त्यातून 700 मिलिमीटर पाऊस उदार मनाने वजा केला, तरी एका एकराला 50 लाख लिटरहून अधिक पाणी उपसावे लागते. लातूरला आलेल्या पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते, म्हणजे हा हिशेब एकरी दहा गाड्यांचा होतो. ठिबकने त्यात बरीच बचत होते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लागला, तर विहिरीला काय फरक पडणार? तरीही दोष शेतकऱ्याचा आहे असे मी मानत नाही. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, आहे, तोडणीची टोळी कारखाना पाठवतो आणि अवकाळीत आडवा झाला तरी ऊस सहसा पूर्ण हातचा जात नाही. सोयाबीन मात्र अनेकदा हमीभावाच्या खाली आडत्याच्या काट्यावर घालावे लागते. तूर, करडई आणि रब्बी ज्वारी यांच्या खरेदीची अशीच हमी मिळाली असती, तर भारी जमिनीतल्या ओलीवर येणारी ही पिके मागे पडली नसती. टीका करायची तर ती परवाने वाटणाऱ्या आणि कारखाने काढणाऱ्या पुढाऱ्यांवर करावी. त्याच बालाघाटातील कोरडवाहू कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला परमुलखात जातात, हेही विसरता येत नाही.

इस्राएलचे उदाहरण मला अपुरे वाटते. त्या देशाला समुद्र आहे. खारे पाणी गोडे करून आणि सांडपाण्याचा फार मोठा भाग शुद्ध करून शेतीला देऊन त्यांनी तूट भरून काढली. लातूरपासून समुद्र किती दूर आहे, हे आपल्याला सांगायला नको. घेण्यासारखी दुसरी गोष्ट तिथे जरूर आहे : 1959 च्या कायद्याने त्यांनी पाणी सार्वजनिक मालकीचे ठरवले आणि ते मोजून देण्याची शिस्त लावली. आपण त्यांच्याकडून ठिबकच्या नळ्या आणल्या. कालव्याचे पाणी मात्र आजही बहुतेक ठिकाणी पीक आणि क्षेत्र पाहून आकारले जाते आणि विहिरीचे तर मोजलेच जात नाही.