शोधायचे कुणी?

अटलांटा शहराच्या पश्चिम भागातील एका चर्चच्या तळघरात गेली सहा वर्षे मी हिवाळ्यातले काही शनिवार घालवतो. बारावीची मुले आईला, वडिलांना, पुष्कळदा आजीला घेऊन येतात, आणि आम्ही आठ-दहा स्वयंसेवक त्यांच्याबरोबर बसून सरकारी मदतीचा अर्ज, ज्याला इथे सारे 'फाफ्सा' म्हणतात, भरतो. तो संपला की कमी पडणाऱ्या पैशांसाठी शिष्यवृत्त्या शोधायला लागतो. यातील बहुतेकांना मोरहाउस, स्पेलमन किंवा क्लार्क अटलांटा येथे जायचे असते. मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेली ही तिन्ही महाविद्यालये त्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि स्पेलमनची तर सुरुवातच 1881 साली एका चर्चच्या तळघरात झाली.

अमेरिकेत अशा सुमारे शंभर संस्था आहेत. 1964 पूर्वी स्थापन झालेल्या आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हाच मुख्य हेतू असलेल्या संस्था, अशी त्यांची व्याख्या 1965 च्या कायद्याने केली. प्रवेश मात्र तिथे कोणालाही मिळतो. मराठी वाचकाला त्यांतले टस्कीगी हे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यामुळे चांगले परिचित आहे. या टस्कीगीचेच अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी 1944 साली 27 खासगी महाविद्यालयांना एकत्र आणले, आणि प्रत्येकाने वेगळी झोळी फिरवण्यापेक्षा सर्वांनी मिळून निधी जमवावा असे ठरून 'युनायटेड नीग्रो कॉलेज फंड' उभा राहिला. सरकारी महाविद्यालयांसाठी तशीच संस्था 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांच्या नावाने निघाली. तळघरात आमचा शोध या दोन संस्थांपासून सुरू होतो. मग कृष्णवर्णीयांच्या विद्यार्थिनी-भगिनी मंडळांच्या स्थानिक शाखा, चर्चचे निधी, पालकांच्या नोकरीच्या ठिकाणच्या योजना, असे करत आम्ही पाचशे डॉलरच्या बक्षिसापर्यंत उतरतो.

उतरावे लागते, कारण हिशेब जुळत नाही. केंद्र सरकारची पेल ग्रँट गरीब विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त 7,395 डॉलर देते, आणि या खासगी महाविद्यालयांत राहण्या-जेवण्यासह वर्षाचा खर्च 40 हजारांच्या वर जातो. श्रीमंत विद्यापीठे ही दरी स्वतःच्या ठेवींतून भरतात. हार्वर्डची ठेव 50 अब्ज डॉलरहून मोठी आहे. कृष्णवर्णीय विद्यापीठांत सर्वांत सधन असलेल्या हॉवर्डने एक अब्जाचा टप्पा नुकताच गाठला. सरकारी संस्थांची गोष्ट याहून निराळी नाही: 2023 साली केंद्राच्या दोन मंत्र्यांनी 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र पाठवून दाखवून दिले, की 1890 च्या कायद्याखालील कृष्णवर्णीय कृषी विद्यापीठांना तीन दशकांत बरोबरीच्या गोऱ्या संस्थांपेक्षा 12 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली. म्हणजे विद्यार्थी गरीब, आणि त्याला घेणारी संस्थाही गरीब. उरलेली दरी मग पालकांच्या नावावरच्या सरकारी कर्जाने भरायची. 2011 मध्ये या कर्जाची पत-तपासणी कडक होताच या महाविद्यालयांतील हजारो मुलांना शिक्षण सोडावे लागले होते. आता जुलै 2026 पासून त्या कर्जावर एका मुलामागे वर्षाला 20 हजार आणि एकूण 65 हजार डॉलरची मर्यादा आली आहे. बेसुमार कर्ज देऊ नये हे मला पटते, पण कर्जाची दोरी कापताना अनुदानाची शिडी कोणी लावलेली नाही.

दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी माझ्या चांगली लक्षात आहे. तिची आजी कागद एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात घेऊन यायची. तिने सतरा ठिकाणी अर्ज केले, म्हणजे सतरा निबंध लिहिले, आणि प्रत्येकात वडिलांचे जाणे नव्याने सांगितले. तिसऱ्या शनिवारी ती मला म्हणाली, "अंकल, हेच पुन्हा लिहू का, की आता दुसरे काही दुःख हवे आहे?" तिला दोन ठिकाणांहून मिळून अडीच हजार डॉलर मिळाले. त्यानंतर तिच्या महाविद्यालयाने, ज्याचे नाव मी इथे घेत नाही, आपल्या मदतीतून तेवढीच रक्कम वजा केली. हा अपवाद नाही. बाहेरची शिष्यवृत्ती आली की आतली कापायची ही देशभरची रीत आहे, आणि तिला सरकारी संस्थांपुरता का होईना पहिला कायदेशीर आळा मेरीलँड राज्याने 2017 साली घातला. सतरा निबंधांनी विद्यार्थिनीची दरी जशीच्या तशी राहिली आणि महाविद्यालयाचे अडीच हजार वाचले.

हे सारे पाहत असताना माझ्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर शिष्यवृत्तीचा वाद दर काही महिन्यांनी पेटतो. 2024 साली महाराष्ट्र सरकारने परदेश शिष्यवृत्तीसाठी 75 टक्के गुणांची अट घातली आणि विरोधानंतर ती सैल केली, तेव्हा तो बरेच दिवस चालला. 'जात नको, आर्थिक निकष लावा', 'गुणवत्तेलाच पैसे द्या', आणि शेवटी ठरलेला शब्द: खैरात. या गटावर मी एकदा माझ्या घरचा हिशेब लिहिला होता. जॉर्जिया राज्यात 'होप' नावाची शिष्यवृत्ती आहे. 1993 साली सुरू झाली तेव्हा तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा होती, दोनच वर्षांत ती काढून टाकली आणि निकष गुणांचा राहिला. पैसा राज्य लॉटरीचा, आणि पेट्रोल पंपावर ती तिकिटे कोण घेते हे मी रोज पाहतो. माझ्या मुलीने या शिष्यवृत्तीवर चार वर्षे काढली. आम्हांला तिची गरज नव्हती; त्या वर्षांत आम्ही घराचा वरचा मजला वाढवला. आमच्या मराठी मंडळात होप घेणारी निदान तीसेक मुले मोजता येतील, आणि त्यांतल्या कोणाच्याही पालकांना खैरात हा शब्द कोणी लावलेला मला आठवत नाही.

माझे आजोबा पुण्यात वार लावून शिकले. सात घरी सात दिवस जेवण, याचे वर्णन आमच्या घरी नेहमी कष्टाची कथा म्हणून होत असे आणि ते खरेही होते. पण ती सात दारे ज्या मुलांना उघडत नव्हती त्यांच्यासाठी शाहू महाराजांना कोल्हापुरात बोर्डिंगे काढावी लागली, हे त्या कथेत कधी येत नसे. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत उभारलेले मिलिंद महाविद्यालयही त्याच गरजेतून आले, आणि इथल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांशी त्याचे नाते मला सर्वांत जवळचे वाटते.

एका बाबतीत महाराष्ट्र अमेरिकेच्या पुढे आहे, असे माझे मत झाले आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा त्याचा हक्क आहे. तिच्यासाठी वडिलांच्या मृत्यूवर निबंध लिहावा लागत नाही. पण पेल ग्रँट सत्राच्या सुरुवातीला महाविद्यालयाकडे जमा होते, आणि आपल्याकडे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा हप्ता कित्येकदा परीक्षा होऊन गेल्यावर येतो. तोवर उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आधारशी जोडलेले बँक खाते यांतले काहीतरी एक अडते, महाविद्यालय फी मागते किंवा मूळ कागदपत्रे अडवून ठेवते, आणि मुलगा गावी परततो. कागदोपत्री त्याला शिष्यवृत्ती मंजूर असते.

अटलांटातच जॉर्जिया स्टेट हे मोठे सरकारी विद्यापीठ आहे. ते कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या यादीत नाही, तरी तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी फार मोठ्या संख्येने आहेत. फी थकली म्हणून नाव कमी होणाऱ्यांची यादी त्यांनी 2011 च्या सुमारास नीट वाचली, तेव्हा असे दिसले की अनेकांची थकबाकी काहीशे डॉलरची आहे. तेव्हापासून विद्यापीठ स्वतःच यादीतून नावे निवडते आणि तूट खात्यात भरून टाकते. सरासरी रक्कम हजार डॉलरच्या आत आहे. विद्यार्थ्याने अर्ज करायचा नाही आणि निबंधही लिहायचा नाही, कारण त्याचे उत्पन्न, गुण आणि थकबाकी हे तिन्ही आकडे विद्यापीठाकडे आधीच असतात. मला यातली दानशूरता फारशी भावली नाही. भावले ते हे, की शोधण्याचे काम ज्याच्याकडे माहिती होती त्याने अंगावर घेतले. कोणाचा हप्ता अडला आहे हे आपल्याकडेही महाविद्यालयाच्या कारकुनाला ऑगस्टमध्येच ठाऊक असते.

महाराष्ट्रातल्या आमच्या महाविद्यालयाच्या अमृतमहोत्सवासाठी सध्या माजी विद्यार्थ्यांची वर्गणी जमते आहे. प्रवेशद्वाराशी दगडी कमान बांधायची असा बेत आहे. मी असे सुचवले, की या रकमेचा फिरता निधी करावा, हप्ता अडलेल्या मुलांची फी त्यातून आगाऊ भरावी आणि सरकारकडून पैसे आले की ते निधीत परत घ्यावेत. अशाने मुद्दल बहुतांशी शाबूत राहील. प्राचार्यांनी अतिशय नम्रपणे विचारले, की मग देणगीदारांची नावे कोरायची कुठे. आमच्या तुकडीतल्या अकरा जणांनी निधीला होकार कळवला आहे. बाकीचे अजून कमानीच्या बाजूने आहेत.