‘रुग्णापासून लांब राहणारे डॉक्टर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

डॉक्टरांना संसर्गाच्या प्रयोगशाळेचे प्रशिक्षण देणाऱ्या वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या फेलोशिपविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. माल्डी-टॉफसारखे यंत्र काही मिनिटांत जीवाणूचे नाव सांगत असताना डॉक्टरने जीवाणू वाढवलेल्या प्लेटा पाहण्यात वर्ष घालवणे हा भूतकाळाचा मोह आहे, हेच काम पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञ उत्तम करतात, आणि फेलोंना प्रयोगशाळेत स्वस्तात राबवून घेतले जाते, असे आपले म्हणणे आहे. शेवटी आपण लिहिता, ‘ज्यांना रुग्णापासून लांब राहायचे असते, तेच डॉक्टर या फेलोशिपच्या वाटेला जातात.’ पहिल्या तीन मुद्द्यांवर मतभेद असू शकतात. चौथे वाक्य हा मुद्दाच नव्हे. ज्यांना आपण कधी भेटलेला नाही, अशा माणसांच्या हेतूवर मारलेला तो शेरा आहे.

एक चूक आधीच मान्य करते. प्लेट उघडून वासावरून स्यूडोमोनास हा जीवाणू ओळखण्याच्या हातोटीचे मी लेखात कौतुक केले होते. प्लेट हुंगणे आज सुरक्षिततेच्या नियमांत बसत नाही, आणि प्लेटवर ब्रुसेला हा जीवाणू असेल तर हुंगणाऱ्यालाच त्याची लागण होऊ शकते. ते वाक्य मी काढून टाकले आहे. आपण ते दाखवून दिलेत याबद्दल आभार. त्यासाठी ‘हास्यास्पद’ हा शब्द वापरण्याची मात्र गरज नव्हती.

आता त्या वाक्याविषयी. अमेरिकेत ही फेलोशिप १२ महिन्यांची असते आणि तिच्याकडे येणारे बहुतेक डॉक्टर पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी संपवून येतात. मी मेडिसिन आणि संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डांतून आले. आले ती रुग्णांना कंटाळून नव्हे, तर एका रुग्णामुळे. त्या वयस्क बाई होत्या, सांधेदुखीसाठी बराच काळ स्टेरॉइड घेणाऱ्या. ताप होता, कारण सापडत नव्हते, म्हणून मी सेफ्ट्रायॅक्सोन हे सेफॅलोस्पोरिन गटातले प्रतिजैविक चालू केले होते. ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जीवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीच्या, एका बाटलीत ग्रॅम-पॉझिटिव्ह दंडाकार जीवाणू दिसले आणि रात्री प्रयोगशाळेतून निरोप आला : ‘डिप्थेरॉइड, बहुधा त्वचेवरून आलेले.’ डिप्थेरॉइड म्हणजे त्वचेवर एरवीही असणारे, बहुधा निरुपद्रवी जीवाणू. मी केसपेपरवर स्वतःच्या हाताने ‘दूषित नमुना’ असे लिहिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. तिसऱ्या दिवशी ताप तसाच होता, आणि बाई बोलताना गोंधळू लागल्या होत्या.

त्या सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : रुग्णाचे वय काय, आणि स्टेरॉइड चालू आहेत का? उत्तर ऐकून त्यांनी मला खाली बोलावले. ब्लड अगारच्या, म्हणजे रक्त मिसळलेल्या माध्यमाच्या, प्लेटवर जीवाणूंच्या बारीक, करड्या वसाहती होत्या. त्यांनी लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, एक वसाहत हलकेच बाजूला सारली आणि प्लेट उजेडासमोर धरली; वसाहतीखाली जेमतेम तिच्याएवढाच फिकट, पारदर्शक ठिपका होता. रक्तपेशी फुटल्याची ती खूण वसाहत जागेवर असताना मला दिसलीच नसती. मग खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या ब्रॉथचा, म्हणजे जीवाणू वाढवलेल्या द्रवाचा, एक थेंब त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्यात ते जीवाणू कोलांट्या खात फिरत होते. तो लिस्टेरिया होता, आणि लिस्टेरिया सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांना निसर्गतःच दाद देत नाही. मी तीन दिवस देत असलेल्या औषधाचा बाईंना काहीच उपयोग नव्हता. अँपिसिलिन चालू केले आणि त्या बऱ्या झाल्या. त्या तीन दिवसांत रुग्णापासून लांब कोण होते, खाटेशी उभी असलेली मी की तळमजल्यावरून वय विचारणाऱ्या त्या डॉक्टर, हे मला त्याच दिवशी कळले होते. तोच प्रश्न योग्य वेळी विचारता यावा म्हणून मी ते वर्ष दिले. आपल्या एका वाक्यात ते सगळे ‘पळवाट’ ठरते, आणि याचा मला राग आला आहे, हे मी लपवत नाही.

आपण म्हणाल की आज यंत्राने लिस्टेरियाचे नाव पहिल्याच दिवशी दिले असते. वसाहत उगवल्यावर ती यंत्रात घातली असती, तर दिले असते. पण ‘दूषित नमुना’ म्हणून बाजूला ठेवलेली प्लेट यंत्रापर्यंत न्यायची की नाही, हे कुणीतरी ठरवावे लागते. शिवाय हेच यंत्र शिगेला आणि ई. कोलाय या जीवाणूंमध्ये भरवशाने फरक करू शकत नाही, आणि न्यूमोनियाला कारणीभूत ठरणाऱ्या न्यूमोकॉकसच्या बाबतीत त्याच्या जवळच्या नातेवाइकांशी गल्लत करू शकते. नाव बरोबर आले तरी औषधाचा निर्णय उरतोच. जीवाणूवर कोणते औषध चालेल याच्या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या युरोपच्या युकास्ट समितीने २०१९मध्ये रिपोर्टमधल्या ‘आय’ या अक्षराचा अर्थच बदलला : पूर्वी ‘मध्यम’ म्हणून जे औषध डॉक्टर टाळत, ते आता वाढीव मात्रेत उपयोगी पडणारे मानले जाते. असा बदल वॉर्डातल्या डॉक्टरांना समजावून सांगणे, नवी चाचणी सुरू करण्यापूर्वी ती पडताळून पाहणे, रोज राउंडवर जाऊन प्लेट आणि रुग्ण यांची सांगड घालणे, यात फेलोचे वर्ष जाते. जीवाणू रंगवून त्यांचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे गट पाडणारी, ग्रॅम यांनी १८८४मध्ये मांडलेली रंगपद्धत ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येताच आजही सर्वांत आधी वापरली जाते. ती मोहापायी नव्हे. काही मिनिटांत तिच्यावरून उपचाराची दिशा बदलता येते म्हणून.

पीएच.डी. शास्त्रज्ञांविषयी वादच नाही. प्रयोगशाळेतले प्रत्यक्ष काम मी त्यांच्याकडूनच शिकले. फेलोंना राबवून घेण्याविषयी एवढेच म्हणते की काम सगळ्याच प्रशिक्षणांत करावे लागते, आणि तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

आपण स्वतः डॉक्टर आहात असे आपण लिहिले आहे. पुढच्या वेळी रिपोर्टवर ‘बहुधा दूषित नमुना’ असे वाचाल, तेव्हा प्रयोगशाळेत फोन करा. पलीकडच्या व्यक्तीने आधी रुग्णाचे वय आणि चालू औषधे विचारली, तर हे विचारायला ती कुठे शिकली, एवढे तिला विचारा.