दोन नंबरचं मॅगझिन

स्टँडर्ड पिस्तूल या प्रकारात साठ गोळ्या मारायच्या असतात. पहिल्या वीस गोळ्यांना पाचपाचाच्या मालिकेमागे 150 सेकंद मिळतात, पुढच्या वीसना 20 आणि शेवटच्या वीसना फक्त 10. माझं पिस्तूल पहिल्या दोन टप्प्यांत गायीसारखं वागतं. दहा सेकंद म्हटलं की त्याच्या अंगात येतं.

क्लबच्या स्पर्धेत तसंच झालं. हिरवा दिवा लागला, हात वर गेला, पहिली गोळी नऊच्या कड्यात बसली. दुसऱ्यांदा ट्रिगर दाबला तर तो ढिम्म. बघतो तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्धवट मिटलेली, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीत एक काडतूस नाक वर करून उभं, सूर्याला अर्घ्य देत असल्यासारखं.

अशा वेळी पिस्तूल निशाणाच्या दिशेलाच धरायचं आणि मोकळा हात वर करायचा, असा नियम आहे. वर्गात शू लागलेल्या पोरासारखा मी डावा हात वर करून उभा राहिलो. मग पंच येऊन ठरवतात की दोष कुणाचा. पिस्तुलाचा असेल तर मालिका पुन्हा मारायला मिळते. तुमचा असेल तर न सुटलेल्या गोळ्यांना शून्य. त्या दिवशी दोष पिस्तुलावर गेला. मी इतक्या निरागस चेहऱ्याने उभा होतो, की मलाही ते पटलं.

चहाच्या टपरीवर निदानं सुरू झाली. एक म्हणाला, गोळ्यांचा लॉट बदला. दुसरा म्हणाला, तेल कमी पडतंय. तिसरा म्हणाला, तेल जास्त झालंय, पिस्तूल आहे ते, भजी तळायची नाहीत. चौथ्याने माझं मनगट धरून हलवून पाहिलं आणि "सैल आहे" असा निकाल दिला. त्यात तथ्य असतं, म्हणून जास्त लागलं. माझ्या पिस्तुलात जाते त्या पॉइंट टू-टूच्या, म्हणजे ०.२२ इंची गोळीचं वजन जेमतेम अडीच ग्रॅम. तिच्या धक्क्यानेच स्लाइड मागे जायची. हातच मागे गेला तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि मॅगझिनमधून, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीतून, पुढचं काडतूस नीट उचललं जात नाही.

बायकोला सांगितलं, "अगं, टोकियोत मनू भाकरचंसुद्धा पिस्तूल बिघडलं होतं."

"हो, आणि तीन वर्षांनी पॅरिसहून तिने दोन पदकं आणली," ती म्हणाली. "तुम्ही काय आणलंत?"

मी ऑइलची बाटली आणली होती. रात्री जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि खोललं. या गोळ्या शिशाच्या, वरून मेण लावलेल्या. मेण, शिसं आणि काजळी मिळून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या तोंडाशी काळं कडं धरतं. ते पितळी ब्रशने काढलं. रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखाली राखाडी लोणी साचलं होतं, ते टूथपिकने कोरलं. दीड तास गेला. बायको जाताजाता म्हणाली, "देव एवढे मन लावून घासले असतेत तर..."

रविवारी पुन्हा अर्घ्य.

शेवटी शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. तेल, लॉट, मनगट सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, मॅगझिनं किती?"

"दोन."

"अडकतं कुठल्यात?"

तीन महिन्यांत हा प्रश्न मला पडला नव्हता. काका म्हणाले, खुणा करा आणि या. बायकोच्या नेलपॉलिशने एकावर एक ठिपका दिला, दुसऱ्यावर दोन. दोन्हींतून पन्नासपन्नास गोळ्या मारल्या. एक नंबरने एकदाही दगा दिला नाही. दोन नंबरने नऊ वेळा दिला. आनंदाच्या भरात सोसायटीच्या लिफ्टमधूनच काकांना फोन लावला, "एक नंबरचं मस्त चालतंय, भानगड सगळी दोन नंबरच्या मालात आहे!" लिफ्टमधले सेक्रेटरी दुसऱ्याच मजल्यावर उतरले. ते सहाव्यावर राहतात.

काकांनी दोन्ही मॅगझिनं उजेडात शेजारीशेजारी धरली. या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून ती कड बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली की दोघं एकमेकांत अडकतात, हे मला ठाऊक होतं, मी जपूनच भरत होतो. पण काडतूस वरून दाबून धरणारे मॅगझिनचे दोन ओठ असतात. दोन नंबरचा डावा ओठ केसभर फाकला होता. त्यामुळे काडतूस वेळेआधी सुटून नाक वर करत होतं.

"खाली पडलं होतं का?" काकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. पडलं होतं. दिवाळीच्या आधी, फरशीवर. तेव्हा ओठ आत दबला होता आणि मीच तो रात्री घरी बसून सरळ केला होता.

काकांनी भिंग काढलं. ओठाच्या कडेला बारीक, समांतर ओरखडे होते, पकडीच्या दातांचे.

"हे दात कुणाचे?"

"उंदीर असेल," मी म्हणालो.