हिशेब ठेवणाऱ्यांनी हा लेख वाचू नये

घरात हिशेबाची वही असेल तर आधी ती रद्दीत घाला. घालताना रद्दीचा भाव विचारू नका, तिथूनच वाईट सवय लागते. दूध, रॉकेल, शिवणावळ, किरकोळ असं लिहून महिनाअखेरीला आठ आणे जुळत नाहीत म्हणून मागची पिढी रात्री अकरापर्यंत दिवा जाळत बसायची. त्या लोकांनी आयुष्यात कधी कर्जावर फोन घेतला नाही आणि कुठल्या जाहीरनाम्यावर टाळीही वाजवली नाही. देश अशांच्या जिवावर पुढे जात नसतो. बेरीज चुकली की माणूस विचारात पडतो, आणि विचारात पडलेला माणूस ना चांगला मतदार राहतो, ना चांगलं गिऱ्हाईक.

सुरुवात सरकारपासून करा. सरकार काही देत असेल तर दोन्ही हात पुढे करा, ते आणलं कुठून हे विचारायचं नाही. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. वय २१ ते ६५, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १५०० रुपये. वर्षाचा खर्च अंदाजे ४६ हजार कोटी. नोव्हेंबरात मतदान होतं. तोवर महायुती २१०० वर गेली आणि महाविकास आघाडीने थेट ३००० ची बोली लावली. बोली लावणारे दोघं, पैसा तिसऱ्याचा. हा तिसरा कोण म्हणून इकडेतिकडे बघत बसू नका, मान अवघडेल.

पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात योजनेला ३६ हजार कोटी मिळाले आणि २१०० चा उल्लेख कुठेच सापडला नाही. राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाजही त्याच कागदपत्रांत होता. अशा आकड्यांतली शून्यं मोजू नयेत, रक्तदाबाला चांगलं नसतं. मग २०२५ च्या जुलैत बातम्या आल्या की चौदा हजारांवर पुरुषांच्या खात्यातही बहिणीचा हप्ता जात होता. यावरून लगेच यंत्रणेला नावं ठेवायला धावू नका. स्त्री-पुरुष समानता प्रत्यक्षात आणायची म्हणजे आणखी काय करायचं असतं?

(बहिणीवर मात्र माझा काडीचा राग नाही. तिने हप्ता घ्यावा, मुलाची फी भरावी, सिलिंडर आणावं. पंधराशे रुपयांची किंमत तिला ठाऊक आहे. ती ठाऊक नसलेले लोक ते जाहीर करत होते, एवढंच.)

दिलेलं आणि घेतलेलं एकाच कागदावर लिहायचं नाही, हे पथ्य तर फार कडक पाळा. मार्च २०२३ मध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. गावोगावी फटाके वाजले, फलक लागले. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्याचा फलक कुठे दिसला का? नाही ना, मग झालं तर. बाई अर्ध्या तिकिटात माहेरी जाते आणि नवरा वाढलेल्या भाड्यात तिला आणायला जातो. संसार तोच, बसही तीच, पण घोषणा दोन वेगवेगळ्या.

तेलाचं तसंच. २०२४ च्या ऑगस्टात राखीपौर्णिमेच्या सुमारास पहिले दोन हप्ते खात्यात पडले. १४ सप्टेंबरला केंद्राने कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. कारण चांगलं होतं, शेतकऱ्याच्या सोयाबीनला भाव मिळावा. दिवाळीच्या चकल्यांपर्यंत तेलाची पिशवी महागली. सोयाबीन मात्र ४८९२ च्या हमीभावाखालीच पडून राहिलं, चार-सव्वाचार हजारांनी विकलं गेलं. म्हणजे बहिणीला मिळालेलं कढईत गेलं, भावाला मिळायचं ते मिळालंच नाही. असं कुणी जोडून दाखवलं तर त्याला नकारात्मक म्हणा. हल्ली त्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नाही.

१४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला आणि तो त्याच मध्यरात्रीपासून अमलात आला. दुसऱ्या दिवशी आचारसंहिता लागली. सरकारी काम इतकं झटपट होऊ शकतं हे पाहून डोळे पाणावू द्यात, कॅलेंडर मात्र भिंतीवरून काढून ठेवा.

आता नातेवाइकांच्या ग्रुपवर भांडायचं कसं तेही शिकून घ्या. २०२२ च्या जुलैमध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी रेवडी वाटण्याच्या संस्कृतीपासून तरुणांना सावध केलं होतं. मी टाळी वाजवली होती, आजही वाजवीन, कारण बोललेलं बरोबरच होतं. पुढे सगळ्याच पक्षांना कळलं की रेवडी ही फक्त समोरचा वाटतो. आपण वाटतो तो सन्मान, सक्षमीकरण, फार तर आशीर्वाद. तेव्हा ग्रुपवरच्या थोरल्या दादांनी दुसऱ्या पक्षाच्या योजनेवर काही टाकलं की लगेच 'करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी' असं ठोका. आपल्या पक्षाची योजना आली की हात जोडलेले तीन इमोजी. करदाता तोच असतो, पण दर पाच वर्षांनी त्याने मालक बदलावा अशी अपेक्षा आहे. मधल्या काळात आमदार स्वतःच पक्ष बदलतात, त्यामुळे तेवढे श्रमही वाचतात.

बातम्या बघायच्याच असतील तर आवाज मोठा ठेवून बघा. आवाज बंद केला तर आठ चौकोनांतली आठ तोंडं एकदम उघडतात-मिटतात आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही हे भलत्या वेळी लक्षात येतं. खाली पट्टी फिरत असते: सूत्रांची माहिती. सूत्रं कोण हे विचारू नये, घरातल्या थोरांचं नाव घेऊ नये तसंच ते. सकाळच्या पेपरात पहिलं पान शोधायला चार पानं उलटावी लागतात. वर सरकारी योजनेची जाहिरात, मग बिल्डरची, मग दागिन्यांची, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा. पाचव्या पानावर अग्रलेखाची हाक असते: सरकारला जाब विचारा. तुम्ही तो जाब वाचा, पान परत घडी घालून ठेवा आणि जाहिरातीतला हसरा चेहरा वरच्या बाजूला येईल असं बघा.

आता बाजार. इथे माझं मन जास्त रमतं, कारण राजकारणी निदान पाच वर्षांनी हात जोडायला तरी येतो.

पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा अजून पाच रुपयांनाच मिळतो याबद्दल कृतज्ञ राहा. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक ओरडतं, बिस्किटं कमी केली तर गिऱ्हाईक चहा थोडा कमी ओततं. पूर्वी कित्येक वस्तू ठरलेल्या वजनांतच पॅक करायची सक्ती होती. २०२२ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी पाकिटावर ग्रॅममागे भाव छापण्याचा नियम आला. भाव छापलाय, नाही असं नाही. कालच एक वेफर्सची पिशवी उजेडात धरून बघितली. पुढे लाल-पिवळ्या अक्षरांत 'अधिक कुरकुरीत', मागे घटक, मग हेल्पलाइन, आणि शिवणीच्या घडीत, जिथे पिशवी फाडताना हमखास फाटतं नेमकं तिथे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तो भाव. दर ग्रॅमला इतके पैसे, दशांश चिन्हासकट. भिंग आणायला उठलो तोवर नातवाने पिशवी फाडली आणि भाव दोन तुकड्यांत गेला. आतली हवा मात्र वजनात धरत नाहीत, हे कबूल करायला हवं. ती कंपनीची भेट.

हप्त्यावर वस्तू घ्या, आणि 'नो कॉस्ट' असेल तर दोन घ्या. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, तसल्या योजना बंद करा. बाजार आज्ञाधारक आहे. 'शून्य टक्के' पाटीवरून उतरलं आणि 'नो कॉस्ट' चढलं. व्याज असतंच, ते रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती त्या सवलतीत लपतं. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी निराळा, प्रक्रिया शुल्क निराळं. पण 'अंथरूण पाहून पाय पसरावे' असं म्हणणाऱ्यांचा काळ गेला. आता अंथरूणसुद्धा हप्त्यावर मिळतं, पाय लांबच लांब पसरा.

ॲपवरून दहा मिनिटांत कोथिंबीर मागवा. कोथिंबीर पंधराची, पोचवणावळ, हाताळणी शुल्क, लहान ऑर्डरचा दंड, पाऊस असेल तर पावसाचे पैसे. जेवण मागवायच्या ॲपवर २०२३ मध्ये प्लॅटफॉर्म शुल्क सुरू झालं तेव्हा ते दोन रुपये होतं. दोन रुपयांवरून काय वाद घालायचा, असं सगळ्यांनीच म्हटलं आणि ते दोन अंकी झालं. कोपऱ्यावरचा वाणी मूठभर कोथिंबीर वरून टाकायचा आणि महिनाभर उधारी लिहून ठेवायचा, त्याच्याकडे आता फक्त ॲपवर माल संपला असेल तेव्हा जा, आणि 'तुमच्याकडे भाव फार' असं ऐकवून या.

शेवटी पैसे भरताना एक चौकट येईल. त्यात विमा, देणगी, सदस्यत्व यांपैकी एखाद्यावर आधीच खूण केलेली असेल, आणि नको असेल तर दाबायला बटण असेल: 'नको, मला बचत करायची नाही'. असल्या तेरा प्रकारच्या युक्त्यांवर नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बंदीही आणली आहे. बंदी वाचून मनाला शांतता लाभते. मग 'होय' दाबा.

एवढं सगळं जमलं आणि तरीही अधूनमधून हिशेबाची उबळ आलीच, तर ती दाबू नका, दाबलेली उबळ प्रकृतीला वाईट. त्यासाठी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. तिथे वेळेआधी जाऊन पहिल्या रांगेत बसा. राज्याच्या ९ लाख कोटींवर जी मान हलली नाही ती लिफ्टच्या ग्रीसवर ताठ होऊ द्या. तीनशे चाळीस रुपये? कोणाला विचारून? तीन कोटेशनं कुठे आहेत? सचिव सव्वा तास उभ्याने उत्तरं देत असेल, त्याला पाणी विचारू नका. आणि सभेनंतरच्या चहा-सामोशाचं बिल मांडलं की हात वर करून माणशी किती सामोसे धरले ते विचारा, दुकानाचा शिक्का नसेल तर खर्च नामंजूर करा आणि तशी नोंद इतिवृत्तात आली की नाही ते वाचल्याशिवाय उठू नका.