चौदा अंगठे

परवाच्या रविवारी सकाळी पावणेनऊ वाजता मी नारायणपूरच्या अलीकडे एका हॉटेलात चौदा प्लेट पोह्यांसमोर बसलो होतो. तसा एकटा नव्हतो, डॉक्टर होते. पण डॉक्टरांना पोह्यांनी ॲसिडिटी होते. म्हणजे खायच्या हिशोबाने एकटाच.

हे चौदा कुठून आले ते भराभर सांगतो, कारण सावकाश सांगितलं की माझा आवाज चढतो. आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. आमच्या कॅप्टनने (त्याला कॅप्टन कुणी केलं हे अजून कळलेलं नाही, पण जर्सी मात्र त्याने तशी छापून घेतली आहे) टूम काढली की सपाट रस्त्याला आता मजा नाही, घाट मारू. बोपदेव चढायचा, सासवड, नारायणपूर, तिथून कापूरहोळला उतरायचं आणि हायवेने खेड शिवापूर करत जुन्या कात्रज घाटातून परत पुणं. नव्वदेक किलोमीटर. सगळ्यांनी वा वा केलं. मग त्याने विचारलं, "प्लॅन कोण करतंय?" नेमका त्याच वेळी मी "छान" असं टाइप करत होतो. ते पोचलं आणि प्लॅन माझ्या गळ्यात पडला.

पहिला आठवडा चढ किती यावरच गेला. एकाच्या ॲपवर हजार मीटर, दुसऱ्याच्या तेराशे. रस्ता तोच, डोंगर तोच. एक जण म्हणाला माझं यंत्र हवेच्या दाबावरून उंची काढतं, तुमचं नकाशावरून काढतं, म्हणून तुमचं चूक. दुसऱ्याने त्याला बोपदेवचा चढ मध्ये किती टक्के आहे ते पाठवलं. टक्के म्हणजे काय, तर शंभर मीटर पुढे गेलात की किती मीटर वर गेलात. सात टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. ठेवीवर सात टक्के मिळाले तर आपण तोंड वाकडं करतो. तेच सात टक्के पायाखाली आले की आयुष्यातल्या सगळ्या खाल्लेल्या बाकरवड्या एकेक करून आठवतात.

मग गिअर. मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, मोठी चकती अठ्ठावीस दातांची असावी की चौतीस (दात जास्त तितका चढ सोपा), यावर दोन रात्री जागल्या. चौतीस लावणारे भित्रे, अठ्ठावीसवाले मर्द, असा एकूण सूर. शेवटी डॉक्टरांनी, ते दातांचे डॉक्टर आहेत, लिहिलं : "माणसाला बत्तीसच असतात. माझ्याकडे सत्तावीस उरलेत आणि मी येतोय." त्यावर चर्चा थांबली.

निघायचं कुठून? कोथरूडवाल्यांना कोथरूड मध्यवर्ती वाटतं, हडपसरवाल्यांना हडपसर. बाणेरहून एक जण येणार होता, त्याचं म्हणणं विद्यापीठ चौक सगळ्यांनाच सोयीचा. सासवडला जायला विद्यापीठ चौक! वेळ साडेपाच "शार्प" ठरली. पुण्यात शार्प हा शब्द फक्त लग्नपत्रिकेत आणि सायकल राइडमध्ये वापरतात आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच असतो.

वेग "आरामात" ठरला. सावध केलेलं बरं म्हणून सांगतो, कार्बनची हलकी सायकल असलेला माणूस जेव्हा "आरामात जाऊ" म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या आरामाबद्दल बोलत असतो.

शेवटी मी रीतसर मेसेज टाकला. मार्ग, वेळ, हेल्मेट सक्तीचं, पुढे-मागे दिवा, दोन ट्यूब आणि पंप, कुणालाही मागे सोडायचं नाही. नाष्ट्याला किती ते कळण्यासाठी येणाऱ्यांनी अंगठा दाखवावा. माझ्यासकट चौदा अंगठे.

पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठला की जमीन जायची. माणूस अडाणी असला तरी अंगठ्याला किंमत होती. आता सगळे इंजिनिअर झाले आणि अंगठ्याची ही गत झाली. तेव्हा हे मला माहीत नव्हतं. मी भाबडेपणाने हॉटेलला फोन लावला.

"मालक, रविवारी सकाळी चौदा जणांचा नाष्टा पाहिजे. आठच्या सुमाराला."

"मिळंल की. बस केवढी हाय? वीस शिटी का मोठी? पार्किंगला जागा ठेवतो."

"बस नाही. सायकली आहेत."

"त्या टपावर टाकून आणणार का?"

"कशाच्या टपावर?"

"बसच्या."

"अहो, बसच नाहीये. सायकली चालवत येणार आम्ही."

पलीकडे काही क्षण नुसता झाऱ्याचा आवाज.

"कुठनं?"

"पुण्याहून."

"नवस हाय का कुणाचा?"

"नाही हो."

"मग दत्ताला चाललाय?"

"तसं नाही. नारायणपूरवरून कापूरहोळला उतरायचं आणि कात्रजवरून परत पुण्याला."

"म्हंजे पुण्यातनं निघून पुण्यालाच."

"हो."

"मग पोहे पुण्यातच खावा की."

याला उत्तर नाही. मी आठ वर्षं सायकल चालवतो आहे, हृदय, फुप्फुसं, निसर्ग, सगळं तोंडपाठ आहे. पण या वाक्यापुढे काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. मी नुसता हसलो. मालकांना वाटलं सौदा पक्का झाला, आणि ते मुद्द्यावर आले.

"आपल्याकडं ड्रायव्हर-क्लिनरला फुकट असतंय. ड्रायव्हर किती धरू?"

"ड्रायव्हर कुणीच नाही."

"असं कसं? गाडी चालवतो त्यो ड्रायव्हर."

माझ्यातला पुणेकर जागा झाला. म्हटलं, "मग तसे चौदाही जण ड्रायव्हरच."

पुन्हा झारा. मालक खरोखर विचार करत होते. त्यांनी स्वतःच घातलेला नियम होता आणि तो मोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"तसं धरलं तर मी धंदा कशाचा करू? बरं, ह्यातला मागं बसणारा कोण?"

"मागे कुणी बसत नाही. कॅरिअरच नसतं या सायकलींना."

"कॅरिअर न्हाई?"

"नाही."

"घंटी?"

"काहींना असते."

"स्टँड?"

"नसतो. भिंतीला टेकवतो."

"केवढ्याला घेतली?"

मी खरी किंमत निम्मी करून सांगितली. घरीही तीच सांगितली आहे.

मालकांनी तिथे कुणाला तरी हाक मारून तो आकडा ऐकवला. मागून हसल्याचा आवाज आला. मग ते परत फोनवर आले आणि माणूस आजारी असल्यावर बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाले, "बरं. एक ड्रायव्हर, एक क्लिनर, असं दोघांचं फुकट धरतो. बारा प्लेटचं घेईन. क्लिनर कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. पन पैसे आधी पाठवा. सायकलवाल्यांचा भरवसा न्हाई. मागल्या टायमाला वीस सांगितले आन् पाच आले."

इथे माझा स्वाभिमान नडला. समस्त सायकलवाल्यांच्या वतीने मी छाती काढून म्हणालो, "आमचा ग्रुप तसला नाही." आणि पोहे-चहाचे माणशी ५५ रुपये, बारा जणांचे ६६० रुपये, तिथल्या तिथे पाठवून दिले.

रविवारी पहाटे सव्वापाचला मी स्वारगेटला हजर होतो. थंडी मरणाची. पाच वीसला पहिला मेसेज : "सॉरी, टायर फ्लॅट." पाच बावीसला दुसऱ्याचाही टायर फ्लॅट. हवा काय ग्रुपने सोडतात? पाच पंचविसाला एकाची सासू आली. पहाटे पाच पंचविसाला सासू कुठल्या गाडीने येते ते मला जाणून घ्यायचं होतं, पण विचारलं नाही. बाणेरच्याने "पोचले का सगळे?" असं विचारलं, बहुधा पांघरुणातून. आणि साडेपाच शार्पला कॅप्टन : "आज माझं घड्याळ म्हणतंय, शरीर थकलंय, विश्रांती घ्या. एन्जॉय!" घड्याळ म्हणतंय! आमच्या आजोबांचं घड्याळ फक्त वेळ सांगायचं आणि तीही सात मिनिटं मागे. पण 'आज कामावर जाऊ नका' असं ते कधी म्हणालं नाही.

आले तिघे. मी, डॉक्टर आणि एक पंचविशीतला पोरगा, जो कुणाशी बोलत नाही, फक्त हँडलवरच्या आकड्यांशी बोलतो. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढेल त्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. हा पोरगा येवलेवाडी मागे पडली तसा जो उठला, तो राजा पुन्हा दिसलाच नाही. कुणालाही मागे सोडायचं नाही, हा माझा नियम मी आणि डॉक्टरांनी एकमेकांपुरता पाळला.

घाटापर्यंतच्या रस्त्याबद्दल काही बोलत नाही. बोलतोच. डंपर, पाण्याचे टँकर, खडी, धूळ, आणि डांबर संपतं तिथे अर्धा फूट खोल कड. माझे वडील बावीस वर्षं सायकलवरून खडकीला कामावर गेले, मागे डबा, पँटला क्लिप. तेव्हा पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. आता सायकल ट्रॅक म्हणून जिथे लाल रंग फासला आहे तिथे भुर्जीच्या गाड्या लागतात आणि आम्ही सायकल चालवायला गावाबाहेर जातो. बरेच जण तर सायकल मोटारीवर लादून जातात. हॉटेलवाल्याने टपाचं विचारलं ते काही अगदीच खुळेपणाने विचारलं नव्हतं.

बोपदेवच्या माथ्यावर थांबून आम्ही दम घेतला. डॉक्टर म्हणाले, "पलीकडे दिवे घाट. माउलींची पालखी तिथून चढते." मी त्याच विचारात होतो. लाखो माणसं पुण्यातून पायी निघतात, दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येतात. प्रत्येक दिंडीला नंबर, प्रत्येकीची रथापुढे नाहीतर मागे ठरलेली जागा, आज कुणाच्या दारात पंगत ते ठरलेलं. कुणी कुणाला अंगठा दाखवत नाही. आणि आम्हाला, सॅटेलाइटने जागा दाखवणारी यंत्रं मनगटावर बांधून, चौदा जणांना चाळीस किलोमीटरवर पोहे खायला पोचता येत नाही. आमच्यात एक जण आहे, त्याने दोनशे ग्रॅम वजन वाचावं म्हणून बाटलीचा स्टँड, सीटचा दांडा, सगळं कार्बनचं करून घेतलं. त्या रविवारी त्याने अंथरुणात राहून स्वतःचं पंच्याऐंशी किलो वाचवलं.

तर हॉटेल. मालक दारातच उभे होते. आम्हा दोघांच्या पलीकडे रस्त्यावर बघत राहिले.

"बाकीचे?"

"येतायत," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"मघाशी एक जण सूं करून ग्येला, त्यो तुमचाच का?"

"आमचाच."

"पोहे दाखवले त्याला लांबून. बघितलं न्हाई."

आत चौदा प्लेटा मांडलेल्या. लिंबाच्या फोडी, वर खोबरं, कोथिंबीर. मालकांच्या बायकोने हौसेने प्रत्येक प्लेटमध्ये एकेक तळलेली मिरची ठेवली होती. ते बघून मला खरंच वाईट वाटलं. राग नव्हे, वाईट. कारण कांदा कुणीतरी पहाटे पाचला चिरला असणार, जेव्हा आमचे लोक टायरमधली हवा सोडत होते.

मालक समोरच्या बाकावर बसले. मागच्या वेळच्या त्या पाच जणांचा त्यांनी उल्लेखही केला नाही. त्यापेक्षा केला असता तर बरं.

"ह्यात ड्रायव्हर कोण?"

मी हात वर केला.

"मी क्लिनर," डॉक्टर म्हणाले. "दातांचा."

मालकांनी मान डोलावली. त्यांच्या नियमात ते चपखल बसत होतं. मग मोबाइल काढून बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "म्हंजे आले दोघं, आन् दोघंबी फुकटातले."

मी तीन प्लेट खाल्ल्या. रागाने दोन, भुकेने एक. दोन प्लेट शेजारच्या टेबलावर एसटीची वाट बघणाऱ्या दोन आज्यांना दिल्या, त्यांनी विचारलं, "कशाचं हो?" मी म्हणालो, "नवसाचं." उरलेल्यातले थोडे मालकांनी कागदात बांधून जबरदस्तीने माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात कोंबले. त्या खिशात लोक ताकदीच्या जेलची पाकिटं ठेवतात. जुन्या कात्रज घाटात माझ्या पाठीला हळदीचा पिवळा डाग धरला होता आणि एक कुत्रं बरंच अंतर अतिशय प्रेमाने मागे आलं.

रात्री ग्रुपवर हिशोब टाकला. बारांचे ६६० भरलेत, न आलेल्यांनीही आपापले ५५ रुपये पाठवावेत, खाली माझा नंबर. लगेच अकरा अंगठे आले. कॅप्टनने हात जोडलेलं चित्रही टाकलं आणि लिहिलं, "ग्रेट प्लॅनिंग! पुढच्या रविवारी सिंहगड?"

आज गुरुवार आहे. पैसे एकाचेच आले आहेत, डॉक्टरांचे. त्यांचं फुकट होतं, आणि त्यांनी पोहे खाल्लेही नव्हते.