धुरी, टाके आणि बाळंतिणीचं पाणी

ताई, बाळंतिणीच्या टाक्यांची काळजी आणि तिचं पाणी यांवरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया रागाची असली तरी मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहिते. स्वतः वैद्य असून मी धुरीला, म्हणजे बाळंतिणीला निखाऱ्यांवरच्या औषधी धुराचा शेक देण्याला, नाक मुरडते, प्राचीन शल्यवैद्य सुश्रुतांना विसरले, आणि तुमच्या आजीचं पाचही बाळंतपणांत टाक्याविना, ओवा-बाळंतशोपांच्या धुरीवरच सगळं भरून आलं, असं तुमचं म्हणणं.

आधी सुश्रुत. जखमेच्या साठ उपक्रमांत, म्हणजे उपचारांत, त्यांनी धूपन (धुरी देणं) सांगितलंय, बरोबर. पण कोणत्या जखमेला? जिथे ठणका जबर आहे, स्राव वाहतोय, तिथे. नीट शिवलेल्या, कोरड्या जखमेला सरसकट नाही. आणि टाक्यांना परकं म्हणू नका. वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी, ऋजुग्रंथी हे शिवण्याचे प्रकार त्यांच्याच संहितेच्या सूत्रस्थान या भागात नावानिशी आहेत.

आजींना छेद, म्हणजे बाळ बाहेर येताना वाट रुंद करायला डॉक्टर देतात तो काप, दिलेला नव्हता, हेही लक्षात घ्या. सरसकट छेद देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींतही आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या छेदाबद्दल तुम्ही व्यक्त केलेला राग मला पटतो. बाळंतपणात आपोआप पडलेली लहानशी फाट विश्रांतीने मिटते. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली मिटत नाही. ती शिवली नाही तर बाईला पुढे वायू, मल धरता येत नाही. आपल्या आज्यांपैकी किती जणींनी हे सोसलं आणि कुणाला सांगितलं नाही, कोण जाणे.

धुरीने जागा कोरडी राहते, एवढं खरं. पण त्यासाठी बंद खोलीत, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि शेजारी तान्हं? कोळशाचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास. त्यापेक्षा उकळून गाळलेल्या कोमट त्रिफळा काढ्याने पुढून मागे धुवा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका.

माझ्या लेखातला मोठा भाग पाण्याबद्दल होता, त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. 'पोट सुटेल' म्हणून तांब्या बाजेपासून लांब, गोळीपुरता घोट, आणि वर डिंकाचा लाडू, कोरडी भाकरी, लसणाची चटणी. तिसऱ्या दिवशी शौचाला खडा होतो, पोरगी संडासात रडते, कुंथून टाक्यांवर ताण येतो. मग दोष टाके घालणाऱ्या डॉक्टरला! ओवा-जिरं घालून उकळलेलं पाणी मागेल तेवढं द्या. मुगाचं पातळ वरण, त्यावर तूप, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. आयुर्वेदच आहे हा, फक्त त्याला धूर नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, सुनेच्या सिझरच्या टाक्यांना जात्यादि तेल (जखमांवरचं आयुर्वेदिक तेल) लावू का? ताज्या टाक्यांवर मनाने नको. त्यात मोरचूद (तांब्याचा क्षार) असतो, आणि तेलाने जागा ओलसर राहते. वरची कातडी पूर्ण मिटल्यावर वैद्यांना दाखवून ठरवा. तोवर ताप आला, स्रावाला घाण वास आला, लाली पसरली किंवा ठणका कमी होण्याऐवजी वाढला, तर घरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी जिथे टाके घातले तिथे न्या.